जिल्ह्यात नवीन आलात? आधी तुमचं काम कुठल्या दप्तरात आहे ते शोधा

बदलीवर आलेले शिक्षक, एमआयडीसीत नोकरीला आलेली पोरं, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या मुली, आणि आता गावाकडं जमीन घेऊन राहायला निघालेली पुण्यामुंबईची मंडळी, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, की इथं नक्की कोणाकडं जायचं. मग कोणीतरी सांगतं की डायरेक्ट कलेक्टरला भेटा, मोठ्या साहेबांना सांगितलं की खालचे सगळे हलतात. तसं काही होत नाही. अर्ज कलेक्टर ऑफिसच्या आवक टेबलावर पडतो, तिथून तहसीलला येतो, तहसीलवाले बघतात आणि म्हणतात हा विषय पंचायत समितीचा, आणि तोपर्यंत महिना गेलेला असतो.

महाराष्ट्रापुरतं बोलतोय, बाकी राज्यांत नावं आणि पदं वेगळी आहेत. आपल्याकडं एकाच जिल्ह्यात तीन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. एक महसूलची, म्हणजे कलेक्टर ते तलाठी. दुसरी पंचायत राजची, जिल्हा परिषद ते ग्रामपंचायत, आणि शहरात तिच्या जागी नगरपालिका किंवा महानगरपालिका. तिसरी मतदारसंघांची, म्हणजे आमदार-खासदार. तिन्हींच्या हद्दी एकमेकींशी जुळतीलच असं नाही आणि एकीचा साहेब दुसरीच्या माणसाला आदेश देईलच असंही नाही. त्यामुळं मोठा साहेब कोण हे विचारण्यापेक्षा माझ्या कामाचं रजिस्टर कोणाच्या कपाटात आहे हे विचारा, निम्मी पायपीट तिथंच वाचते.

१. स्वतःचा पत्ता सरकारी पद्धतीनं लिहून काढा

पोस्टाचा पत्ता इथं फारसा कामाचा नाही. वहीत एका पानावर हे लिहा: महसुली गाव, ग्रामपंचायत, तलाठी सज्जा, मंडळ, तालुका, उपविभाग, जिल्हा. शहरात असाल तर गाव-ग्रामपंचायतीच्या जागी नगरपालिका आणि प्रभाग क्रमांक. त्याखाली जिल्हा परिषद गट, पंचायत समिती गण, विधानसभा, लोकसभा, आणि पोलीस स्टेशन.

हे सोपं वाटतं पण पहिल्याच ओळीला लोक अडकतात, कारण गाव आणि ग्रामपंचायत एकच असेल असं नाही. छोटी छोटी दोन-तीन गावं मिळून एक गट ग्रामपंचायत असते, म्हणजे तुम्ही राहता एका गावात आणि ग्रामपंचायतीचं ऑफिस शेजारच्या गावात. तलाठ्याचा सज्जा आणखी वेगळा, त्यात कधी एक मोठं गाव असतं कधी चार लहान. असे काही सज्जे मिळून एक महसूल मंडळ होतं, त्याच्यावर मंडळ अधिकारी, ज्यांना सगळे सर्कल म्हणतात.

तालुक्याच्या नावावरही भरवसा ठेवू नका. सातारा जिल्ह्यात माण तालुक्याचं मुख्यालय दहिवडीला आहे, खटावचं वडूजला आणि जावळीचं मेढ्याला. नवीन माणूस खटाव तहसील म्हणून खटाव गावात उतरला तर तिथं तहसील नाही.

आता थोडे आकडे, एकदाच देतो. राज्यात ३६ जिल्हे आणि ६ महसूल विभाग आहेत: कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर. विभागावर विभागीय आयुक्त. जिल्हा परिषदा मात्र ३४, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांत ग्रामीण भागच नाही.

२. गावात आहात की शहराच्या हद्दीत, हे नक्की करा

दिसायला गाव पण कागदावर शहर, आणि दिसायला शहर पण कागदावर ग्रामपंचायत, असे प्रकार मोठ्या शहरांच्या कडेला भरपूर. दहा मजली बिल्डिंग ग्रामपंचायतीत असू शकते. फ्लॅट घेताना बिल्डर काय म्हणतो ते सोडा, घरपट्टीची पावती कोण देतं ते बघा. ग्रामपंचायत देत असेल तर तुम्ही जिल्हा परिषदेला मत देता. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका देत असेल तर जिल्हा परिषदेशी तुमचा मतापुरता संबंध नाही, तुमचा प्रतिनिधी नगरसेवक.

नगरपंचायत म्हणजे गावातून शहर होत असलेली जागा, तिथं १७ प्रभाग. नगरपरिषदा अ, ब, क वर्गाच्या, लोकसंख्येवर ठरतात. दोन्हीकडं कारभारी अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी, आणि नगराध्यक्ष सध्या थेट लोकांतून निवडला जातो. महानगरपालिकेत आयुक्त आणि महापौर, पण महापौर नगरसेवकांनी निवडलेला असतो आणि खरी सही आयुक्तांची चालते, हे लक्षात ठेवा. देवळाली, खडकी, कामठी अशा काही ठिकाणी कटक मंडळ म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, तिथला कारभार संरक्षण खात्याकडं.

शहरात राहिलात म्हणून तहसीलदार सुटत नाही बरं का. महसूलची व्यवस्था गाव आणि शहर दोन्हींवर असते, त्यामुळं महानगरपालिकेत राहणाऱ्या मुलालाही उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो.

३. महसूल: जमीन, दाखले आणि आपत्ती

ही साखळी वरून खाली अशी: जिल्हाधिकारी, अपर जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, नायब तहसीलदार, सर्कल, तलाठी, कोतवाल. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, त्यांच्याकडं एक किंवा जास्त तालुके. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय आणि कोतवालाचं महसूल सेवक, पण गावात कोणी असं म्हणत नाही. आणि पोलीस पाटील हा पोलीस खात्याचा माणूस वाटतो पण त्याची नेमणूक प्रांत करतात, हेही असू द्या डोक्यात.

कुठला दाखला कोणाच्या सहीचा, तर उत्पन्न आणि रहिवास-अधिवास तहसीलदारांकडं, जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर प्रांतांकडं. जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी हे त्याच्या पुढचं वेगळं काम, ते जिल्ह्याच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडं, प्रांत ऑफिसात त्यासाठी हेलपाटे घालू नका. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. संजय गांधी निराधार योजनाही तहसीलमध्ये. अर्ज तुम्ही सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून ऑनलाईन भरता, पण तो जातो या साहेबांच्या लॉगिनला, आणि अडला की तिथंच अडलेला असतो, सेवा केंद्रातल्या पोराशी भांडून उपयोग नाही.

जमिनीचं जरा नीट सांगतो कारण नवीन माणसाचे सगळ्यात जास्त पैसे आणि झोप इथंच जाते. समजा तुम्ही शेतजमीन घेतली. खरेदीखत होतं दुय्यम निबंधकाकडं, ते नोंदणी खात्याचं ऑफिस. खरेदीखत झालं म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं असं नाही. माहिती ऑनलाईन तलाठ्याकडं जाते, तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंद घालतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि कोणी हरकत घेतली नाही तर सर्कल नोंद मंजूर करतात, मग सातबारा बदलतो. हरकत आली तर ती तक्रारी केस होते आणि सुनावणी लागते. सर्कलचा निकाल पटला नाही तर अपील प्रांतांकडं, ६० दिवसांच्या आत. म्हणजे तलाठी फक्त नोंद घालतो, मंजूर करत नाही. "तलाठी नाव लावत नाही" अशी ओरड करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची नोंद सर्कलकडं पडलेली असते, फेरफार नंबर घेऊन तिकडं विचारायला पाहिजे हे कोणी सांगितलेलंच नसतं.

मोजणी करायची तर तलाठी नाही आणि तहसीलदारही नाही, भूमी अभिलेख ऑफिस, तालुक्याला उपअधीक्षक भूमी अभिलेख. ते कधी तहसीलच्याच इमारतीत असतं म्हणून लोकांना एकच वाटतं.

४. जिल्हा परिषद: शाळा, दवाखाना, पाणी, घरकुल

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आहेत, १९६१ च्या कायद्यानं आल्या, त्याआधी वसंतराव नाईक समितीनं शिफारशी केल्या होत्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्याहून जुना, १९५८ चा. नंतर ७३ वी घटनादुरुस्ती आली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक, राखीव जागा, वेगळा राज्य निवडणूक आयोग हे सगळं राज्यघटनेत बसलं. महिलांना निम्म्या जागा आपल्याकडं २०११ पासून.

इथं दोन रांगा आहेत, निवडून आलेले आणि नेमलेले. जिल्ह्याला अध्यक्ष आणि त्यांच्यासमोर सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला पंचायत समितीचे सभापती आणि बीडीओ म्हणजे गटविकास अधिकारी, गावात सरपंच आणि ग्रामसेवक. सीईओ हे सहसा आयएएस असतात आणि कलेक्टरच्या हाताखालचे नसतात. झेडपीची तक्रार कलेक्टरकडं दिली की ती पत्र होऊन सीईओंकडं जाते, एवढंच.

ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यातला फरक पहिल्या आठवड्यात पाठ करा. बऱ्याच गावांत दोघांनाही भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळं "भाऊसाहेब आलेत का" विचारलं तर उत्तर बरोबर मिळूनही तुम्ही चुकीच्या माणसासमोर उभे. ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. जन्म-मृत्यू नोंद, घरपट्टी, पाणीपट्टी, नळ कनेक्शन, दिवाबत्ती, गटार हे ग्रामसेवकाकडं. सातबारा, फेरफार, पीकपाहणी तलाठ्याकडं.

आणि एक कागद दोघांकडंही सारख्याच नावानं असतो, तिथं भलेभले फसतात. तलाठ्याकडचा आठ-अ हा तुमच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन आहे त्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. बँकवाले म्हणतात "आठचा उतारा आणा", तुम्ही एक घेऊन जाता, त्यांना दुसरा हवा असतो. घरासाठी कर्ज की शेतीसाठी कर्ज हे बघून आणा. आणि गावठाणातलं घर घेताना कोणी फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "हाच मालकीचा पुरावा" म्हणत असेल तर थांबा. तो कर कोण भरतं याचा कागद आहे. गावठाणाची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखकडून मिळकत पत्रिका मागा, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, आणि जुनी खरेदीखतं बघा.

एकाच विषयात दोन ऑफिसं असण्याचा घोळ आरोग्य आणि शेतीत सगळ्यात जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र झेडपीचं, तिथले प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि सिव्हिल हे राज्याचं, तिथं जिल्हा शल्यचिकित्सक. शेतीचं तसंच, पंचायत समितीत एक कृषी अधिकारी बसतात आणि बाहेर तालुका कृषी अधिकाऱ्यांचं वेगळं ऑफिस, ते राज्य सरकारच्या कृषी खात्याचं. कुठली योजना कोणाकडून आलीय हे विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, घरकुल, जनावरांचा दवाखाना यांच्यासाठी सुरुवात पंचायत समितीतून केली तर सहसा चुकत नाही.

रस्त्याला खड्डा पडलाय तर? आधी रस्ता कोणाचा ते ठरवा. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. कामाच्या बोर्डवर प्रजिमा, इजिमा, ग्रामा असं लिहून पुढं नंबर असतो, तो उतरवून घ्या. अर्जात "आमच्या गावचा रस्ता" लिहिण्यापेक्षा "इजिमा अमुक, या गावापासून त्या गावापर्यंत" लिहिलं की समोरच्याला ढकलाढकली करायला जागा राहत नाही.

या सगळ्या व्यवस्था एका जागी क्वचितच येतात. पिकाचं नुकसान झालं की पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) तिघं मिळून येतात, तिघांच्या सह्या लागतात. तेव्हा बांधावर हजर राहा आणि आपल्या जमिनीचा गट नंबर बरोबर लिहिलाय ना तेवढं बघून घ्या.

५. ग्रामसभा सोडू नका

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून तहकूब झालेली सभा पुन्हा होते तेव्हा कोरमची अट नसते, आणि माझं स्पष्ट मत आहे की गावातले नको ते ठराव याच दुसऱ्या सभेत पास होतात, कारण तिथं दहा-पंधरा माणसं असतात आणि ती कोणाची असतात हे सगळ्यांना माहिती असतं. तुमचं नाव गावाच्या मतदार यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात, नवीन असलात तरी. विषय लेखी द्या आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, आला का ते बघा, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

सरपंच कोण निवडतं हे मधल्या काळात फिरत राहिलंय. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात, लोकसंख्येप्रमाणे. गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारख्या अनुसूचित क्षेत्रात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा लागू आहे, तिथं पाड्याचीही स्वतःची ग्रामसभा होऊ शकते आणि तिचे अधिकार बरेच जास्त आहेत.

६. तुमचा आमदार, खासदार आणि झेडपी सदस्य कोण

इथं तालुका-जिल्हा विसरा, मतदारसंघ वेगळेच कापलेले आहेत. आत्ताची रचना २००९ च्या निवडणुकांपासून चालू आहे. राज्यात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा, म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदारांचा भाग.

सातारा जिल्ह्याचंच बघा. तालुके ११, आमदार ८. वाई, खंडाळा आणि महाबळेश्वर मिळून एक वाई मतदारसंघ, उलट कराड एकच तालुका पण कराड उत्तर आणि कराड दक्षिण असे दोन आमदार. खटाव तालुक्याची गावं एकाहून जास्त मतदारसंघांत वाटली गेलीत, त्यामुळं शेजारच्या गावाचा आमदार वेगळा निघू शकतो. लोकसभेला तर आणखी मजा, फलटण आणि माण हे विधानसभा मतदारसंघ सातारा लोकसभेत नाहीतच, ते माढ्यात आहेत, जिथले बाकीचे चार मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातले. म्हणजे फलटणच्या माणसाचा कलेक्टर साताऱ्यात आणि खासदाराच्या मतदारसंघाचा मोठा भाग सोलापूर जिल्ह्यात. असं बऱ्याच ठिकाणी आहे, मावळमध्ये पुणे आणि रायगड एकत्र, हातकणंगलेत कोल्हापूर आणि सांगली.

झेडपीच्या सदस्याचा मतदारसंघ म्हणजे गट, आणि एका गटात पंचायत समितीचे दोन गण. गट-गणांची रचना निवडणुकीआधी बदलते, आरक्षणही बदलतं, म्हणून मागच्या वेळी जे होतं ते आता असेल असं धरू नका. आणि सदस्य असतातच असंही नाही, २०२२ मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक झेडपी आणि महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्याच हातात होत्या.

मतदार नोंदणीबद्दल एवढंच, की लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो आणि ग्रामपंचायत ते महापालिका राज्य निवडणूक आयोग, पण यादी मुळात विधानसभेचीच फोडून वापरतात. म्हणून राहायला आलात की फॉर्म ८ भरून पत्ता बदला, स्थानिक निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी मात्र दर वेळी नव्यानं होते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून गप्प बसू नका.

आमदार-खासदारांकडं काय मागायचं? खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, आमदारांनाही त्यांचा निधी असतो, त्यातून सभामंडप, रस्त्याचा तुकडा, वर्गखोली अशी कामं होतात आणि हे पैसे जिल्हा नियोजनच्या ऑफिसातून वाटले जातात. जिल्ह्याचा मोठा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. पण फेरफार मंजूर करणं किंवा दाखला देणं आमदाराच्या अधिकारात नाही, ते फार तर फोन करतील. ज्या कामाला नियम आहे तिथं अर्ज द्या, आणि जिथं पैसा नवीन मंजूर व्हायचाय तिथं लोकप्रतिनिधी गाठा.

७. ज्यांच्या हद्दी स्वतंत्र आहेत

पोलीस स्टेशनची हद्द तालुक्याशी जुळत नाही, एका तालुक्यात दोन-तीन ठाणी असतात आणि काही गावं भलत्याच ठाण्याला जोडलेली. वर डीवायएसपी आणि जिल्ह्याला एसपी, मोठ्या शहरात पोलीस आयुक्तालय. कोर्ट कलेक्टरच्या अखत्यारीत येत नाही. महावितरणचे उपविभाग वेगळे, वन विभागाची परिक्षेत्रं वेगळी. लाईट बिलावर उपविभागाचं नाव असतं, तेवढं वहीत लिहून ठेवा.

८. अर्ज कसा द्यायचा

साधा कागद, दोन प्रती, वर नेमक्या अधिकाऱ्याचं पदनाम, विषयात गट नंबर किंवा फेरफार नंबर किंवा रस्त्याचा नंबर. एक प्रत आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. शिक्का न देणारा क्लार्क भेटला तर स्पीड पोस्टानं पाठवा. दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, प्रत्येक सेवेला ठरलेले दिवस आहेत आणि उशीर झाला तर अपील ऑनलाईन करता येतं, लोक हे वापरतच नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडं लोकशाही दिन असतो, पण तिथं जाण्याआधी खालच्या ऑफिसात अर्ज दिल्याचा पुरावा लागतो, नाहीतर परत पाठवतात. काही हलत नसेल तर माहिती अधिकार, १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत. "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका, ती माहिती होत नाही. "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची आणि टिपणीची प्रत द्या" असं लिहा. चुकीच्या ऑफिसात अर्ज गेला तरी त्यांनी तो पाच दिवसांत बरोबर ऑफिसला पाठवायचा असतो, आणि पाठवल्याचं पत्र तुम्हालाही येतं, त्या पत्रावरच तुमची फाईल कुठल्या टेबलाची आहे ते लिहिलेलं सापडतं.